रयत, बर्गी आणि नागरिक

युद्धकाळात निःशस्त्र प्रजेस उपद्रव होऊ नये, हा विचार मराठी कागदपत्रांत फार पूर्वीपासून आढळतो. मे १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूणनजीक छावणीस असलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना पाठविलेले पत्र हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणावैरण बेपर्वाईने उधळल्यास पुढे घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्यांकडील दाणा, भाकर, गवत, फाटी व भाजीपाला ओढून आणू लागतील. कुणबी गाव सोडतील आणि मोगलांहूनही हे लष्कर वाईट असे त्यांस वाटेल, अशी कार्यकारणपरंपरा त्यात मांडली आहे. हवी ती वस्तू बाजारातून विकत आणावी, अशी ताकीदही आहे. प्रजापीडेचे मूळ येथे शिपायाच्या दुष्टपणात नव्हे, तर पुरवठ्याच्या अव्यवस्थेत शोधले आहे. तथापि हे अभय ज्यांना मिळाले ती स्वराज्याचीच रयत होती, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

सुमारे सत्तर वर्षांनंतरचे चित्र निराळे दिसते. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सैन्य १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून गेले. १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाने वार्षिक बारा लाख रुपये चौथाई मान्य करीपर्यंत या स्वाऱ्या चालू राहिल्या. गावांची जाळपोळ, लोकांचे पलायन आणि स्त्रियांवरील अत्याचार यांचे वर्णन गंगाराम या समकालीन बंगाली कवीने ‘महाराष्ट्रपुराण’ या काव्यात केले आहे. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार तो ‘बारगीर’, एवढाच त्या शब्दाचा मराठीतील अर्थ. बंगालीत मात्र त्याचा ‘बर्गी’ झाला आणि मुलांना निजविण्याच्या गाण्यांत तो भीतीचा शब्द म्हणून रुजला. परमुलखातील कुणबी हा कोणाचीच जबाबदारी नव्हता.

१२ ऑगस्ट १९४९ च्या चौथ्या जिनेव्हा कराराने नेमकी हीच उणीव भरून काढण्याचा यत्न केला. त्याचा बहुतांश भाग शत्रुपक्षाच्या किंवा व्याप्त प्रदेशातील लोकांसाठी आहे. कलम ३३ अन्वये लूट व सामूहिक शिक्षा निषिद्ध ठरतात. देशांतर्गत सशस्त्र संघर्षात सापडलेल्या स्वकीयांसाठी मात्र चारही करारांना समान असलेले कलम ३ हाच मुख्य आधार राहतो. म्हणजे १६७३ च्या पत्रात स्वकीयांचे रक्षण आधी येते, तर करारात परकीयांचे. भारताने हे करार १९५० मध्ये स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यांसाठी कायदा केला.

येथे परिभाषेचा प्रश्न उपस्थित होतो. इंग्रजीत ‘सिटिझन’ आणि ‘सिव्हिलियन’ हे भिन्न शब्द आहेत. मराठी अनुवादात दोहोंसाठी बहुधा ‘नागरिक’ हाच शब्द योजला जातो. पहिल्याचा संबंध राज्याशी आहे, दुसऱ्याचा केवळ शस्त्र हाती नसण्याशी. ‘रयत’ ही नेहमी कोणाची तरी असते. एकच शब्द योजल्याने ‘नागरिक’ही तसाच होऊन बसतो. निर्वासित, राज्यहीन अथवा बंडखोर प्रदेशातील ग्रामस्थ यांचे संरक्षण ते कोणत्या राज्याचे आहेत यावर अवलंबून नाही, हे तत्त्व त्यामुळे झाकोळते. अशा ठिकाणी ‘बिगरलष्करी व्यक्ती’ हा किंचित अवजड शब्दप्रयोग पत्करणेच अधिक युक्त ठरेल.