वंशावळ एका लाथेची

तायक्वांदोच्या क्लासात नाव घातलं की थोड्याच दिवसांत एक गोष्ट कानावर पडते: ही विद्या दोन हजार वर्षांची आहे. गोगुर्यो राज्याच्या थडग्यांतली भित्तिचित्रं आणि सिल्ला राज्याचे 'ह्वारांग' हे तरुण योद्धे पुराव्याला दिले जातात. हैदराबादेत तुमच्या-माझ्या मुली शिकतात तिथेही हीच गोष्ट चालते. चित्रं खरी आहेत, ह्वारांगही खरे. पण तिथून आजच्या लाथेपर्यंत धागा सलग येत नाही. जो धागा सलग मिळतो तो शंभरेक वर्षांचा आहे आणि मला तो त्या पुरातन कथेपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

अंगावरच्या कपड्यांपासूनच बघा. पांढरा सदरा, पांढरी विजार, कमरेला पट्टा. यातलं मुळात कोरियन काहीच नाही. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोडोकान ही ज्यूदोची शाळा काढली. काळ्या पट्ट्याची पद्धत त्यांचीच. 1922 मध्ये गिचिन फुनाकोशी ओकिनावाहून कराटे घेऊन टोकियोला आले. कानोंनी त्यांना कोडोकानमध्ये प्रात्यक्षिकाला बोलावलं आणि पुढे ज्यूदोचा पोशाख आणि पट्टा कराटेत आला. कोरिया तेव्हा जपानच्या टाचेखाली होता, 1910 पासून 1945 पर्यंत. शिक्षणासाठी जपानला गेलेले काही कोरियन तरुण तिथे कराटे शिकले. त्यांतले वॉन कुक ली फुनाकोशींचे विद्यार्थी. त्यांनी 1944 मध्ये सोलमध्ये 'चुंग दो क्वान' सुरू केलं. दुसरे चोई होंग ही, पुढे दक्षिण कोरियाच्या सैन्यात जनरल झालेले. म्हणजे हाताचे ठोसे, अडवण्याच्या पद्धती, उभं राहण्याचे पवित्रे, सगळं राज्यकर्त्यांकडून शिकलेलं.

देश सुटला आणि लगेच युद्धात होरपळला. 1950 च्या दशकात राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांच्यासमोर झालेल्या एका प्रात्यक्षिकात नाम ते-ही या सैनिकाने एका ठोशात कौलांची चळत फोडली. ऱ्हींना हा आपल्या जुन्या तेक्क्योन खेळाचाच प्रकार वाटला. शिकवणाऱ्यांना खरं ठाऊक होतं, पण स्वतंत्र देशाला स्वतःची विद्या हवी होती. 1955 मध्ये चोईंच्या पुढाकाराने 'तायक्वांदो' हे नाव ठरलं. लाथांवरचा भर वाढत गेला आणि उंच, फिरत्या लाथा हीच तिची ओळख झाली.

चोईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग जे केलं ते मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर काम वाटतं. ठरावीक क्रमाच्या हालचालींच्या रचना त्यांनी बांधल्या, त्यांना 'तुल' म्हणतात, आणि बहुतेकांना आपल्या इतिहासातली नावं दिली. 'जुंग-गुन' हा तुल आन जुंग-गुन यांच्या नावाचा. कोरियावर जपानचा अंमल बसवणाऱ्या इतो हिरोबुमींवर त्यांनी ऑक्टोबर 1909 मध्ये हार्बिन स्टेशनवर गोळ्या झाडल्या. पुढच्या मार्चमध्ये त्यांना फाशी झाली. कोरियन मोजणीने तेव्हा त्यांचं वय 32, म्हणून या तुलात हालचाली 32. 'चुंग-मू' हा आरमारप्रमुख यी सुन-शिन यांचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानी आरमाराला धूळ चारणारा हा माणूस शेवटच्या लढाईत पडला. त्याच्या दुर्दैवी मृत्यूची खूण म्हणून तो तुल डाव्या हाताच्या वारावर संपतो. ज्यांनी गुलाम केलं त्यांचीच विद्या घ्यायची आणि तिच्यात त्यांच्याशी लढलेल्यांची नावं कोरायची! पोरं हे तुल घोकतात, पण आन जुंग-गुन कोण हे त्यांना क्वचितच कोणी सांगतं. याचं मला वाईट वाटतं.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. 1897 मध्ये रँडचा वध करणाऱ्या चाफेकर बंधूंनी त्याआधी पुण्यात तरुण जमवून कसरत-कवायत चालवली होती. हैदराबादेतही मैदान आधीपासून तयार होतं. बारकसमध्ये निजामाच्या फौजेतल्या अरबांचे वंशज राहतात आणि तिथली कुस्ती नावाजलेली आहे. सुलतान बाजारात आर्य समाज 1892 पासून. जवळच जांबागेत 1907 मध्ये उभी राहिलेली मराठी मंडळींची विवेकवर्धिनी. निजाम सरकारच्या 'गश्ती 53' या हुकुमाने सभांवर बंधनं घातलेल्या राज्यात व्यायामशाळा ही निव्वळ दंड-बैठकांची जागा नव्हती. चार तरुण एकत्र येऊ शकतील अशी ती जागा होती. निजामाविरुद्धच्या 1938-39 च्या सत्याग्रहाच्या वेळी आणि पुढे रझाकारांच्या काळात स्वसंरक्षण हा शब्द इथल्या घरांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

भारतात तायक्वांदो आणण्याचं श्रेय जिमी जगतियानी यांना दिलं जातं, साल 1975. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय महासंघ झाला. ब्रूस लीच्या चित्रपटांनी पोरांना आधीच वेड लावलं होतं, त्यामुळे शाळांच्या पटांगणांवर क्लास सुरू व्हायला वेळ लागला नाही.

मात्र भारतात येईपर्यंत या झाडाला दोन फांद्या फुटल्या होत्या. चोईंनी 1966 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ काढला. सरकारशी बिनसल्यावर 1972 मध्ये ते कॅनडाला गेले. सोलमध्ये त्याच वर्षी 'कुक्कीवोन' हे तायक्वांदोचं मुख्य केंद्र उभं राहिलं आणि 1973 मध्ये वेगळा जागतिक महासंघ निघाला. चोईंनी 1980 मध्ये उत्तर कोरियात ही विद्या नेली, मग दक्षिणेत त्यांचं नाव घेणंही अवघड झालं. ऑलिंपिकची वाट सोलच्या फांदीला मिळाली: 1988 मध्ये प्रात्यक्षिक, 2000 मध्ये सिडनीत पदकांचा खेळ.

स्पर्धेने विद्या जगभर नेली, पण तिचा एक हात बांधून ठेवला. ऑलिंपिकच्या फांदीच्या स्पर्धेत चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही. धरण्यावर दंड. गुण प्रामुख्याने लाथांना, आणि लंडन 2012 पासून छातीवरच्या इलेक्ट्रॉनिक कवचाने ते मोजले जाऊ लागले. त्यामुळे खेळाडू हात खाली सोडून, एका पायावर उभा राहून, टोकाने स्पर्श करणारी लाथ घोटतो. खेळ म्हणून ते देखणं आहे. सिटी बसच्या गर्दीत मात्र पाय उचलायलाच जागा नसते.

त्या गर्दीसाठी जे आहे त्याला 'होशिनसुल' म्हणतात. कोणी मनगट धरलं तर त्याच्या चार बोटांशी झुंजायचं नाही. पकड जिथे सर्वांत कच्ची असते त्या अंगठ्याच्या फटीकडे हाताची कड वळवायची, कोपर अंगाशी घ्यायचं, आख्खं शरीर वळवून हात सोडवायचा. सोबत पोटातून ओरडायचं, 'किहाप'. मग तळहाताचा एक फटका, आणि पळायचं. चित्रात सोपं वाटतं. धरणारा खरंच जोर लावतो तेव्हा पहिल्यांदा हात हलत नाही आणि आवाज घशातच अडकतो. तो बाहेर पडायला महिने लागतात. ज्या मुलीने घरात कधी आवाज चढवला नाही तिच्या आयुष्यात हा बदल लाथेपेक्षा मोठा असतो.

महिलांच्या सुरक्षेसाठी तेलंगण पोलिसांची 'शी टीम्स' 2014 मध्ये हैदराबादेत सुरू झाली. तरीही नोव्हेंबर 2019 मध्ये शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्यकीय डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली, तेव्हा सारं शहर हादरलं. मुलींना स्वसंरक्षण शिकवा, असं तेव्हा सगळीकडून बोललं गेलं. कोणत्याही पट्ट्याने त्या रात्रीचा हिशोब त्या मुलीच्या माथी मारता येणार नाही. गुन्हा करणाऱ्यांचा होता आणि रस्ता सुरक्षित ठेवणं हे शासनाचं काम. एवढं स्पष्ट ठेवूनही मी मुलींना क्लासला पाठवा असंच म्हणेन. फक्त दोन तासांच्या शिबिरावर भागवू नका. नाव घालण्याआधी शिक्षकांना विचारा की आठवड्यातला किती वेळ होशिनसुलला देता, आणि सराव एकाच मैत्रिणीशी होतो की वजनदार, अनोळखी जोडीदाराशीही. उत्तरात नुसती पदकंच मोजून दाखवली, तर दुसरा क्लास बघा.