तरफ-रायफलीच्या हातभरणीतील गोळीची निवड

झाडलेल्या काडतुसाच्या पितळी कवचात नवी टोपी, मोजलेली दारू आणि नवी गोळी बसवून ते पुन्हा वापरण्याजोगे करण्याच्या क्रियेस हातभरणी म्हणतात. चापाभोवतीची कडी खाली-वर करून जिच्यात काडतूस चढविले जाते त्या तरफ-रायफलीसाठी, म्हणजे व्यवहारातल्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीसाठी, अशी भरणी करताना गोळीचा व्यास व वजन यांच्याइतकाच तिच्या अग्रभागाच्या आकाराचा विचार करावा लागतो.

कारण : या जातीच्या बहुतेक रायफलींत काडतुसांचा साठा मुख्य नळीखाली, तिला समांतर बसविलेल्या दुसऱ्या नळीत असतो. तेथे काडतुसे एकामागे एक ओळीने राहतात, पुढच्या टोकाकडील स्प्रिंग त्या ओळीस सतत मागे रेटीत असते आणि प्रत्येक गोळीचे टोक पुढील काडतुसाच्या बुडाला, म्हणजे जेथे स्फोटक टोपी बसविलेली असते त्याच जागेला, टेकलेले असते. बार उडताच रायफल झटक्याने मागे येते व ही सारी ओळ आतल्या आत आपटते. अशा वेळी टोक अणकुचीदार व कठीण असेल, तर ते फायरिंग पिनेचे काम करून साठ्यातच स्फोट घडविण्याचा संभव असतो.

इतिहास : १८६० च्या हेन्री रायफलीत हा प्रश्न उद्भवला नाही, कारण तिच्या काडतुसाचे स्फोटक द्रव्य बुडाच्या कडेत भरलेले असे, आजही ०.२२ इंची कडस्फोटी काडतुसे गोल टोकाची असूनही नलिकासाठ्यात निर्धास्त चालतात. विंचेस्टर कंपनीच्या १८७३ च्या रायफलीबरोबर मध्यवर्ती टोपीचे .४४-४० काडतूस आले, ते सपाट माथ्याच्या शिशाच्या गोळीसह. फ्रेंच फौजेच्या १८८६ च्या लेबेल रायफलीत तरफ नव्हती, परंतु साठा नळीचाच होता. तिच्यासाठी १८९८ मध्ये टोकदार गोळी स्वीकारताना काडतुसाच्या बुडावर टोपीभोवती वर्तुळाकार खाच ठेवण्यात आली, जेणेकरून मागच्या गोळीचे टोक टोपीवर न जाता त्या खाचेत अडकावे.

निवडीचे निकष : मध्यवर्ती टोपीच्या काडतुसासाठी सपाट माथ्याची गोळी सर्वांत विश्वसनीय. मोठ्या रायफल टोपीचा व्यास सुमारे ५.३ मिमी. असतो, माथा त्याहून रुंद असल्यास दाब टोपीवर एकवटत नाही. हातभरणी करणाऱ्याची फसगत होते ती येथेच : .३०-३० काडतुसाची गोळी आणि .३०-०६ या बोल्ट-रायफलीच्या काडतुसाची गोळी या दोहोंचा व्यास ७.८२ मिमी. असून १५० ग्रेन, म्हणजे सुमारे ९.७ ग्रॅम, वजनाच्या गोळ्या दोहोंसाठी मिळतात. तेव्हा व्यास जुळला, वजन जुळले, तराजू व मापनयंत्र यांनी कौल दिला, तरीही टोकदार गोळी नलिकासाठ्यास वर्ज्यच राहते. कठीण प्लॅस्टिकच्या टोकाची गोळीही तशीच त्याज्य होय. हॉर्नाडी कंपनीची मऊ, रबरासारख्या लवचीक टोकाची गोळी मात्र मुद्दाम नलिकासाठ्यासाठीच बनविलेली आहे, तथापि .४५-७० सारख्या काडतुसांत ती बसविताना कवच नेहमीपेक्षा आखूड कापावे लागते.

बैठक व आवळणी : स्प्रिंगचा रेटा आणि धक्का यांमुळे गोळी कवचात आत सरकू शकते; तसे झाल्यास दारूसाठीची जागा आकुंचन पावून वायूचा दाब वाढतो. म्हणून कमरेवर खाच असलेली गोळी पसंत करून कवचाचा कंठ त्या खाचेत आवळावा. भरलेले काडतूस मेजाच्या कडेवर अंगठ्याने दाबून पाहिले असता गोळी तसूभरही हलता कामा नये. .३०-३० काडतुसाची एकूण लांबी ६४.८ मिमी.पेक्षा अधिक नसावी, अन्यथा काडतूस वर उचलणाऱ्या भागातच ते अडकते.

रायफलीची ताकद : एकाच नावाचे काडतूस सर्व रायफलींना सारखेच मानवते असे नाही. .४५-७० हे १८७३ चे काळ्या दारूचे काडतूस असल्याने भरणीच्या पुस्तिका जुन्या स्प्रिंगफील्ड रायफली, तरफ-रायफली आणि अधिक भक्कम एकबारी रायफली यांसाठी निरनिराळी कोष्टके देतात. त्यांची सरमिसळ करू नये.

अपवाद : सॅव्हेज कंपनीच्या १८९९ च्या रायफलीतील फिरता साठा, तसेच विंचेस्टर १८९५ व ब्राउनिंग बीएलआर यांतील पेटीवजा साठा यांत गोळीचे टोक पुढील टोपीस भिडत नाही; तेथे टोकदार गोळीस मुभा आहे.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये दारूगोळ्याची निर्मिती परवान्यावाचून करता येत नाही. जेथे हातभरणीस कायद्याने मोकळीक आहे तेथेही जाणते लोक प्रत्येक डबीवर गोळीचे वजन, तिचा आकार आणि ती कोणत्या रायफलीसाठी आहे याची चिठ्ठी लावतात. कारण काही महिन्यांनी ती डबी उघडणाऱ्यास भरणाऱ्याच्या मनातला हेतू नव्हे, तर केवळ ती चिठ्ठीच वाचता येते.