चारित्र्य पडताळणी (सरकारी नोकरीसाठी)

शासकीय सेवेत निवड झालेल्या उमेदवाराच्या पूर्वचारित्र्याची पोलिसांमार्फत होणारी चौकशी. बीड तालुक्यातील कपिलधारसारख्या गावातल्या उमेदवाराची चौकशीही जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय आणि स्थानिक ठाणे यांच्याच वाटेने जाते. नुसता सरपंचाचा किंवा शाळेचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला तिची जागा घेत नाही.

उमेदवार साक्षांकन नमुन्यात आपले पत्ते आणि अटक, खटला, शिक्षा यांची माहिती भरतो. केंद्राच्या नमुन्यात मागील 5 वर्षांत सलग वर्षाहून अधिक काळ जिथे राहिलो ती ठिकाणे विचारतात. बीडमधून ऊसतोडीला गेलेल्यांचे पाच-सहा महिन्यांचे कोपीवरचे (तात्पुरत्या झोपडीतले) बिऱ्हाड या रकान्यात बसतच नाही. कागदावर ते कायम गावातच असतात.

खरी अडचण गुन्ह्याइतकीच लपवाछपवीची असते. ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ (2016) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने माहिती खरी देणे बंधनकारक ठरवले. मात्र किरकोळ, तरुणपणीच्या प्रकरणात दडवलेली बाब माफ करण्याचा विवेक नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे ठेवला. उलट, उमेदवाराने सारे खरे सांगितले तरी नोकरी देण्याची सक्ती नियोक्त्यावर नाही.

राखीव जागेसाठी लागणारे जात वैधता प्रमाणपत्र चारित्र्य पडताळणीपासून वेगळे. ते पोलीस देत नाहीत, जात पडताळणी समिती देते. त्यामागे राज्याचा 2000 चा अधिनियम आहे.