बेचाळीस मीटरांवरील आवाज

स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात बोलणाऱ्यांची नावे टिकतात; ज्या यंत्रातून ते बोल लोकांच्या कानी पडले ते जुळविणाऱ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. १९४२ सालच्या 'काँग्रेस रेडिओ'ची हकीगत आमच्या वाचकांस स्थूलमानाने ठाऊक असेलच. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी आदी त्यांचे सहकारी यांनी २७ ऑगस्टपासून मुंबईत हे गुप्त केंद्र चालविले आणि १२ नोव्हेंबरच्या रात्री ते पकडले गेले. उणेपुरे ७७ दिवस! त्यांच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस येथे बोलावयाचे आहे ते त्या यंत्राविषयी. कारण यंत्र समजल्यावाचून त्या मंडळींनी कोणता धोका पत्करला होता हे नीटसे कळत नाही.

१९३९ साली महायुद्ध पेटताच सरकारने हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द केले. तथापि परवाना रद्द झाला म्हणून विद्या नष्ट होत नाही. नरिमन प्रिंटर हे इंग्लंडात रेडिओविद्या शिकून आलेले तंत्रज्ञ. त्यांनी या मंडळींसाठी प्रक्षेपक उभारून दिला. केंद्र आपली लहर ४२.३४ मीटर असल्याचे उघड सांगे आणि आपला ठावठिकाणा मात्र 'हिंदुस्थानातून कोठून तरी' एवढाच. ही लहर म्हणजे सेकंदाला सुमारे ७० लाख ८० हजार आंदोलने. हौशी मंडळींचा जो 'चाळीस मीटर'चा पट्टा, त्यातच ती पडते. हा निव्वळ योगायोग आम्हांस वाटत नाही. हाताशी आलेले सामानच त्या पट्ट्याचे असावे, असा आमचा तर्क आहे.

असा प्रक्षेपक जुळविणे हे तंबोरा लावण्याहून फारसे निराळे नव्हे. तांब्याच्या तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल, आणि तिच्या जोडीला पत्रे कमीअधिक सरकणारा कंडेन्सर. या दोहोंचा मेळ बसला की व्हॉल्व्हमधून निघालेली शक्ती एकाच लहरीवर एकवटते. त्या काळचे कारागीर हा मेळ डोळ्यांनी पाहत. व्हॉल्व्हला जाणाऱ्या विजेच्या मार्गात एक मापक बसविलेला असे; कंडेन्सरची खुंटी हळूहळू फिरविताना मापकाचा काटा एका जागी चटकन खाली झुके. तीच सुराची जागा. दुसरी युक्ती त्याहून साधी: तारेच्या कड्याला बॅटरीतला इवलासा दिवा जोडून कॉइलजवळ धरावयाचा. कोठेही तार न जोडता तो आपोआप उजळे, आणि जितका उजळ दिवा तितका मेळ पक्का. एवढे साधल्यावर मग एरियलची पाळी.

आणि खरी अडचण एरियलचीच. अर्ध्या लहरीइतकी तार ताणावयाची तर ती जवळजवळ ७० फूट लांब हवी. आजच्या एफ्. एम्. प्रक्षेपकाची लहर जेमतेम तीन मीटरांची. त्याला पाच फुटी दांडी पुरते, पण त्याचा आवाज साधारणपणे क्षितिजापलीकडे जात नाही. चाळीस मीटरांची लहर मात्र रात्री आकाशातील विद्युद्भारित थरावर आदळून परत फिरते आणि शेकडो मैलांवर उतरते. आष्टी-चिमूरचे अत्याचार, जमशेटपूरचा संप, चितगावावरील बॉम्बहल्ला या वार्ता वृत्तपत्रांची मुस्कटदाबी असताना या केंद्रावरून दूरवर गेल्या त्या यामुळेच. म्हणजे दूर बोलावयाचे तर लांब तार हवी, आणि लांब तार लपविणे कठीण.

त्यातही मोठा धोका तारेचा नव्हेच. प्रक्षेपक बोलू लागला की तो आपली जागा शत्रूला स्वतःच सांगतो. कड्याच्या आकाराचे एरियल गाडीत ठेवून फिरविले की एका दिशेला आवाज अगदी क्षीण होतो. त्या दिशेची रेघ नकाशावर ओढावयाची, दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ ओढावयाची, आणि दोन्ही जेथे छेदतील तेथे जाऊन दार ठोठवावयाचे. पोलिसांच्या अशा गाड्या मुंबईत फिरत होत्या. म्हणून या मंडळींनी बिऱ्हाडे बदलली: चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भुवन, महालक्ष्मीच्या देवळाजवळील पॅराडाइज बंगला, गिरगावातील पारेख वाडी. प्रत्येक खेपेस तार नव्याने ताणावयाची, प्रत्येक खेपेस मेळ नव्याने जुळवावयाचा. शेजाऱ्यांच्या नजरा त्या वेगळ्याच.

अखेर केंद्र सापडले ते या रेघांमुळे नव्हे. पोलिसांनी प्रिंटर यांना गाठले आणि ज्याने यंत्र उभारले त्यानेच त्याचा पत्ता दिला. पारेख वाडीत पोलीस शिरले तेव्हा 'वंदे मातरम्'ची तबकडी लागलेली होती, आणि ती थांबविण्यास उषाबेननी नकार दिला. १९४३ साली निकाल लागला. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची शिक्षा झाली; आरोपींच्या पिंजऱ्यात प्रिंटर नव्हते. त्यांच्या कृत्याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु त्या विश्वासघातापायी त्यांची कारागिरीच इतिहासातून खोडून टाकावी, हेही आम्हांस मान्य नाही. काटा ज्या हातांनी सुरात आणला त्यांनीच घात केला, ही गोष्ट जशीच्या तशी सांगितली पाहिजे. तुरुंगात गेलेल्यांनी आपल्या खेरीज कोणावर विसंबून जीव धोक्यात घातला होता, हे त्यावाचून कळणार नाही.

या केंद्रावरून राममनोहर लोहियाही बोलत. त्यांनीच पुढे १८ जून १९४६ रोजी मडगावात सभाबंदी मोडली, हे गोमंतकीयांस सांगावयास नको. त्यानंतर नऊ वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, गोव्याच्या सीमेबाहेर आंबोलीच्या रानातून दुसरा एक गुप्त आवाज कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये सुरू झाला. तो वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालविला, व पुढे कॅसलरॉकच्या बाजूस हलविला. मुंबईचे केंद्र ७७ दिवसांत संपले आणि हे सहा वर्षे टिकले, याचे एक कारण सरळ आहे: पोर्तुगीजांनी नकाशावर कितीही रेघा ओढल्या असत्या, तरी त्या जेथे छेदत ती भूमी त्यांच्या अमलाखालची नव्हती. तरीही रानातील एकांत, पाऊस आणि अज्ञातवास त्या दोघांना चुकला नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा ही दोघे विमानात बसली आणि ध्वनिवर्धकावरून, कोकणीत व पोर्तुगीजमध्ये, खालच्या गावांना ती वार्ता त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली.