दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांचा दाह : निदानाचा इतिहास आणि बारामती-इंदापूर परिसर

प्रस्तावना :
डोळ्याच्या मागील पडद्यास दृष्टिपटल म्हणतात. त्यातील रक्तवाहिन्यांना दाह झाल्यास सुरुवातीस वेदना होत नाहीत, डोळा लालही होत नाही; म्हणून निदानास विलंब होतो. भारतात या दाहाचा ‘ईल्स रोग’ हा प्रकार प्रामुख्याने २० ते ४० वयोगटातील तरुण पुरुषांत आढळतो. प्रस्तुत लेखात त्याच्या निदानाचा इतिहास आणि बारामती व इंदापूर तालुक्यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व यांचा विचार केला आहे.

निदानाची वाटचाल :
१८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याचा अंतर्भाग पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाचे दृष्टिपटल प्रथमच वैद्यांच्या दृष्टीस आले. १८८० मध्ये बर्मिंगहॅम येथील हेन्री ईल्स यांनी काही तरुणांच्या दृष्टिपटलात वारंवार होणाऱ्या रक्तस्रावाची नोंद केली. या तरुणांना बद्धकोष्ठतेचा व नाकातून रक्त येण्याचा त्रास होता. त्यामुळे ईल्स यांनी कारण रक्ताभिसरणातील बिघाडात शोधले. दाहाचा उल्लेख त्यांनी केला नाही. तो १८८७ मध्ये वॉड्सवर्थ यांनी केला. उपकरण तेच होते, परंतु पाहणाऱ्याची धारणा बदलली होती.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्यानंतर या दाहाचा संबंध क्षयरोगाशी जोडला जाऊ लागला. २००० साली चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांनी ईल्स रोगाच्या काही रुग्णांच्या दृष्टिपटलावरील पापुद्र्यात क्षयजंतूच्या डीएनएचा अंश आढळल्याचे प्रसिद्ध केले. तथापि, क्षयाचा संसर्ग व्यापक असलेल्या आपल्या देशात केवळ त्वचेवरील चाचणी होकारार्थी आली म्हणून कारण सिद्ध होत नाही. उपदंश, सारकॉइडोसिस, बेहसेट रोग इत्यादी शक्यता वगळाव्या लागतात.

१९६१ मध्ये नोव्होत्नी व अल्व्हिस यांनी फ्लुरेसीन हे द्रव्य शिरेत टोचून दृष्टिपटलाची छायाचित्रे घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे कोठे वाहिनी झिरपते आणि कोठे रक्तपुरवठा थांबला आहे, हे स्पष्ट दिसू लागले. लेसर उपचार कोठे करावेत, हे ठरविण्यास या छायाचित्रांची मोठी मदत होते.

बारामती-इंदापूरचा संदर्भ :
ग्रामीण भागातील नेत्रसेवेची घडण मात्र निराळ्या गरजेतून झाली. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. १९९४ नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत राबविलेल्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्राचाही समावेश होता. या प्रयत्नांनी असंख्य वृद्धांना दृष्टी मिळाली, हे निर्विवाद होय. परंतु त्यातूनच ‘नेत्रशिबिर म्हणजे मोतीबिंदू’ हे समीकरण रूढ झाले. ज्याचे भिंग स्वच्छ आहे आणि डोळा दुखत नाही, असा पंचविशीतील तरुण त्या रांगेत उभा राहात नाही. दृष्टिपटलाच्या कडेचा दाह बाहुली विस्फारून तपासल्याखेरीज बहुधा दिसत नाही. चष्म्याचा नंबर काढताना तो निसटतो. पुढे नाजूक नव्या वाहिन्या फुटून डोळ्यात रक्त उतरते आणि त्यानंतरच धावपळ सुरू होते.

बारामती पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटर आहे आणि सोलापूर महामार्गावरील इंदापूर त्याहूनही दूर आहे. शेतमजूर वा वाहनचालक तरुणास तपासणीच्या प्रत्येक फेरीसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते. २०१९ मध्ये बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही या दृष्टीने महत्त्वाची घटना होय. येथील क्षयरोग नियंत्रणाची व्यवस्था आणि नेत्रतपासणी यांची सांगड घातल्यास निदान लवकर होऊ शकेल.

समारोप :
या रोगाचा इतिहास असे दर्शवितो की, उपकरण उपलब्ध होणे आणि रुग्ण त्याच्यापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली १८५१ मध्येच घडली. दुसरी प्रत्येक तालुक्यात नव्याने घडवावी लागते. आपल्या वर्गातील विद्यार्थी याच वयोगटाच्या उंबरठ्यावर आहेत. डोळ्यांपुढे अकस्मात काळे ठिपके वा जाळे दिसू लागल्याची तक्रार एखाद्याने केल्यास, त्याला ‘वाचनाचा ताण’ न म्हणता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठविणे, हे अध्यापकाच्याही कर्तव्यात मोडते.