चांदीच्या जुन्या धार्मिक वस्तूंची दुरुस्ती

एश्बॉर्नहून एस-बानने फ्रांकफुर्टला गेलं की माइन नदीकाठी यहुदी म्युझियम आहे. हे १९८८ चं. त्याआधीचं, १९२२ साली उघडलेलं म्युझियम नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी उद्ध्वस्त केलं. १८ व्या शतकातले फ्रांकफुर्टचे चांदीचे हनुक्काचे दिवे नावाजलेले. घडवणारे सोनार मात्र ख्रिस्ती, कारण सोनारांच्या संघात यहुद्यांना प्रवेश नव्हता.

अशी वस्तू दुरुस्त करणं म्हणजे ती नवी कोरी करणं नव्हे. हवेतल्या गंधकाने चांदीवर काळा थर चढतो. तो थर चांदीपासूनच बनतो, म्हणून दर घासण्यात थोडी चांदी जाते. सोन्याचा मुलामा तर फारच पातळ. म्हणून आधी फोटो, भिंगाखाली तपासणी, एका कोपऱ्यात चाचणी. मगच अतिबारीक खडूपूड आणि शुद्ध पाणी, कापसाच्या बोळ्याने. (शाळेचा खडू नको, त्याने ओरखडे पडतात.) हातमोजे हवेतच, घामाचे डाग राहतात. तुटलेल्या भागाला डाख दिला तर उष्णतेने जुना डाख सुटू शकतो, मुलामाही बिघडतो. म्हणून जमेल तिथे पुढे काढता येईल असा चिकट पदार्थ वापरतात. पोचे पुष्कळदा तसेच ठेवतात.

मी आईचा किद्दुशचा प्याला वर्षानुवर्षं रांगोळीने घासला. छान चमकायचा! त्यावरची हिब्रू अक्षरं आता बोटाला लागत नाहीत.

आपल्या सिनेगॉगमधल्या सेफर तोराच्या रिम्मोनीमना चिंच किंवा टूथपेस्ट लावू नका. मऊ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. रबरबँड नको, रबरातही गंधक असतो.