ग्रीक भूमिती

ग्रीक भूमिती : ‘जिओमेट्रिआ’ या ग्रीक शब्दाचा अर्थ जमिनीची मोजणी, मराठीतला ‘भूमिती’ हा शब्दही तेच सांगतो. नाईलच्या पुरात शेत वाहून गेले की राजाची माणसे उरलेली जमीन मोजून सारा कमी करीत आणि तिथूनच ही विद्या ग्रीकांकडे आली, असे हिरॉडोटसने लिहिले आहे. मोजणीची सूत्रे ईजिप्त-बॅबिलनकडे होतीच. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचा संबंध बॅबिलनमध्ये पायथॅगोरसच्या हजारएक वर्षे आधी माहीत होता. ग्रीकांनी वेगळे केले ते इतकेच की ‘हे असेच का?’ असे विचारून सिद्धता मागितली.

मायलीटसच्या थेलीझला (इ. स. पू. सहावे शतक) परंपरा पहिला मान देते. व्यासाने वर्तुळाचे दोन समान भाग होतात, यासारखी डोळ्यांना उघड दिसणारी विधाने त्याच्या नावावर आहेत. त्याचे स्वतःचे लिखाण मात्र उरलेले नाही.

खरी कलाटणी मिळाली ती एका अडचणीतून. चौरसाची बाजू आणि कर्ण एकाच मापाने पुरते मोजता येत नाहीत, मग ते माप कितीही लहान घ्या. पूर्णांकांच्या गुणोत्तरांवर विसंबलेल्या पायथॅगोरसपंथीयांना हा मोठा धक्का होता. संख्येत न मावणारा कर्ण रेषेने मात्र सहज काढता येतो. त्यामुळे ग्रीक गणित अंकांकडून आकृतीकडे वळले. नायडसच्या यूडॉक्ससने (इ. स. पू. चौथे शतक) अशा राशींनाही लागू पडणारा प्रमाणाचा सिद्धांत मांडून ही कोंडी फोडली.

अलेक्झांड्रियाच्या यूक्लिडने (सु. इ. स. पू. ३००) ‘एलिमेंट्स’ या १३ खंडांच्या ग्रंथात पूर्वसूरींचे काम व्याख्या आणि गृहीतकांपासून क्रमाने रचले. त्यातले बरेचसे त्याचे स्वतःचे नव्हे, रचना त्याची. तीही निर्दोष नाही: पहिल्याच प्रमेयात दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात हे तो न सांगता धरून चालतो. समांतर रेषांविषयीचे पाचवे गृहीतक इतरांवरून सिद्ध करण्याचा खटाटोप तर दोन हजार वर्षे चालला.

आर्किमिडीजने (मृत्यू इ. स. पू. २१२) वर्तुळाच्या आत-बाहेर ९६ बाजूंचे बहुभुज काढून परीघ व्यासाच्या ३ १०/७१ पट ते ३ १/७ पट यांच्या दरम्यान पडतो हे दाखवले. पर्गाच्या अपोलोनियसने शंकूच्या छेदांवर आठ खंड लिहिले. त्यांतले चार ग्रीकमध्ये, तीन केवळ अरबी भाषांतरात उरले आणि आठवा हरवला.

यूक्लिडही अरबीतूनच संस्कृतात आला. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या आश्रयाखाली जगन्नाथ सम्राट याने ‘रेखागणित’ रचले. त्यात १५ अध्याय आहेत. शेवटचे दोन यूक्लिडचे नव्हेत, ग्रंथाला मागाहून चिकटलेले.